दोन नंबरचा इंजेक्टर

लोणारहून मेहकरच्या दिशेनं निघालो आणि गावाची वस्ती संपायच्या आत गाडी लंगडायला लागली. चारपैकी एक सिलिंडर बंद पडला की इंजिन जसं थरथरतं, तसं. हा आजार जुना होता. महिन्यापूर्वी शहरातल्या एका वर्कशॉपमध्ये स्कॅनर लावला, 'पी ०२०२' हा कोड आला आणि दोन नंबरचा इंजेक्टर गेल्याचं सांगण्यात आलं. तो बदलला, पैसे मोजले. आता पुन्हा तेच.

रस्त्याकडेच्या गॅरेजमधल्या मिस्त्रीकडे स्कॅनर नव्हता. त्यानं लांब पेचकसाचं टोक एकेका इंजेक्टरवर टेकवलं आणि मूठ कानाला लावली. तिघांची टिकटिक, दुसरा मुका. मग इंजिन बंद करून त्यानं प्लग काढला आणि इंजेक्टरच्या दोन पिनांना मीटर लावला. चौदा ओहम. "याले काही झालं नाही, भाऊ. वायर पाहू."

पेट्रोल इंजिनातला हा इंजेक्टर म्हणजे विजेवर उघडणारी बारीक तोटी. चावी फिरवली की बारा व्होल्ट त्याच्या एका पिनेवर येऊन थांबतात. दुसऱ्या पिनेला अर्थ देऊन वर्तुळ पूर्ण करायचं काम ईसीयूचं, तेही काही मिलिसेकंदांपुरतं. साडेसातशे फेऱ्यांच्या आयडलला हे सेकंदाला साधारण सहा वेळा घडतं.

ही कल्पना तशी जुनी. अमेरिकेतल्या बेंडिक्स कंपनीनं १९५७ मध्ये 'इलेक्ट्रोजेक्टर' जाहीर केला आणि १९५८ च्या क्रायस्लरच्या मोजक्या गाड्यांना तो बसलाही. पण त्या काळच्या इलेक्ट्रॉनिक भागांना इंजिनाशेजारची उष्णता आणि हादरे झेपेनात, आणि त्यातल्या बहुतेक गाड्यांना परत कार्ब्युरेटर बसवावे लागले. तोटी बरी होती, तिला हुकूम देणारी वीज कच्ची होती. बॉशनं १९६७ मध्ये फोक्सवॅगन १६०० ला डी-जेट्रॉनिक बसवली, तेव्हा कुठे ही पद्धत बाजारात टिकली.

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाच्या २९ एप्रिल १९९९ च्या आदेशानं गाडी पुढे ढकलली. दिल्ली परिसरात नोंदल्या जाणाऱ्या खासगी मोटारींना १ जून १९९९ पासून युरो-१ आणि १ एप्रिल २००० पासून युरो-२ ची अट आली. गाड्यांच्या पाठीवर 'एमपीएफआय' ही अक्षरं मिरवू लागली ती याच काळात. जेट फुंकून आणि स्क्रू पाव फेरा फिरवून इंजिन गाण्यासारखं लावणारे मिस्त्री एकाएकी अडाणी ठरले. पुढे २०१० नंतर गाडीनं स्वतःच बिघाड नोंदवण्याची सक्ती टप्प्याटप्प्यानं आली, आणि निदान म्हणजे पडद्यावरचा आकडा वाचणं असा समज रुजला.

पण तो आकडा काय म्हणतो ते नीट वाचावं. 'पी ०२०२' म्हणजे दोन नंबरच्या इंजेक्टरच्या सर्किटमध्ये दोष. सर्किटमध्ये! त्यात फ्यूज, रिले, प्लग, दोन वायरी, ईसीयू आणि सगळ्यांबरोबर इंजेक्टर. दिसतो मात्र इंजेक्टर, म्हणून आळ त्याच्यावर.

जिथे उभा होतो तिथलं सरोवरही असंच चुकीच्या निदानात कितीतरी वर्षं अडकलं होतं. चहूकडे लाव्हाचा काळा पाषाण, त्यात वाटोळा खड्डा; मग ज्वालामुखीच, दुसरं काय? तळाशी छिद्रं पाडून काढलेल्या दगडात आघातानं काच झालेलं खनिज सापडलं आणि १९७३ मध्ये 'सायन्स'मध्ये निबंध आला, तेव्हा उल्केचा पक्ष भक्कम झाला. असो.

मिस्त्रीनं टेस्ट लॅम्पची चिमटी बॅटरीच्या निगेटिव्हला लावली आणि टोक प्लगच्या एका पिनेवर ठेवलं. लागला, म्हणजे सप्लाय होता. मग त्याचा घरगुती एलईडी दिवा दोन्ही पिनांमध्ये अडकवून त्यानं मला स्टार्टर मारायला सांगितलं. (इथे मोठा बल्ब लावायचा नसतो, ईसीयूचा ट्रान्झिस्टर जळू शकतो. हे त्याला ठाऊक होतं.) दिवा मेलेला. शेजारच्या प्लगवर तोच दिवा लुकलुकत होता. उरली ईसीयूकडे जाणारी वायर, किंवा खुद्द ईसीयू, आणि त्या नावानंच माझ्या पोटात गोळा आला.

त्यानं वायरचा जुडगा हातात घेतला आणि बोटाबोटानं वाकवत गेला. मी स्टार्टर मारत होतो. प्लगपासून वीतभर मागे, ब्रॅकेटच्या वळणावर, दिवा एकदम फडफडला. वरचं प्लास्टिक अखंड, आत तांब्याचे तंतू तुटलेले. इंजेक्टर बदलताना जुडगा हलला असणार, तुटकी टोकं एकमेकांना टेकली असणार आणि महिनाभर गाडी चालली असणार.

तुटका तुकडा कापून त्यानं नवी वायर सोल्डर केली, वर स्लीव्ह चढवली. इंजिन एका सुरात आलं. चेक इंजिनचा दिवा लगेच विझला नाही. चार फेऱ्या मारा, आपोआप जाईल, असं तो म्हणाला.

काढलेला जुना इंजेक्टर डिकीत पिशवीत पडून होता. सहज म्हणून तो त्याच्या हातात दिला. त्यानं दोन पिनांना मीटर लावला, क्षणभर बॅटरीवर टेकवून टिक् असा आवाज ऐकला आणि परत माझ्या हातात ठेवला.

मीटरवर चौदाच होते.