नमुनाग्रहण, सूक्ष्मजंतुपरीक्षणार्थ

रोगकारक सूक्ष्मजंतू ओळखण्यासाठी रुग्णाच्या वा मृताच्या शरीरातून रक्त, पू, ऊतक (समान रचना व कार्य असणाऱ्या कोशिकांचा समूह) इ. काढून घेण्याच्या क्रियेस नमुनाग्रहण म्हणतात. नमुना कोठून, केव्हा व कशा रीतीने घेतला यावर परीक्षणाची विश्वसनीयता अवलंबून असते. हाँगकाँग येथे १८९४ मध्ये झालेले प्लेगविषयक संशोधन हे याचे बोधप्रद उदाहरण होय.

त्या वर्षी जूनमध्ये जपानी सूक्ष्मजंतुशास्त्रज्ञ एस. किटासाटो (१८५३–१९३१) व जन्माने स्विस असलेले फ्रेंच सूक्ष्मजंतुशास्त्रज्ञ ए. येर्सँ (१८६३–१९४३) हे काही दिवसांच्या अंतराने तेथे पोहोचले. किटासाटो यांना शवे व प्रयोगशाळेची साधने सहज उपलब्ध झाली. त्यांचे सहकारी टी. आओयामा यांनी विच्छेदन केलेल्या एका शवात १४ जून रोजी त्यांना जंतू आढळले. मात्र मृत्यूस तोपर्यंत सुमारे ११ तास उलटले होते. इतक्या अवधीत इतर जंतूही शवात पसरू शकतात. ग्रॅम रंजनक्रिया व चलनक्षमता यांविषयीची किटासाटो यांची वर्णने परस्परांशी जुळत नाहीत. त्यांच्या संवर्धनांत फुफ्फुसगोलाणूंची भेसळ झाली असावी, असे अनेक अभ्यासक मानतात. नमुने घेण्याचे काम धोक्याचेही होते. विच्छेदन करताना आओयामा यांना प्लेगचा संसर्ग झाला, परंतु ते बचावले.

येर्सँ यांना प्रारंभी शवे मिळेनात. दफनाचे काम करणाऱ्या इंग्रज खलाशांना पैसे देऊन त्यांनी शवागारात प्रवेश मिळविला व शवाच्या जांघेतील सुजलेल्या लसीका ग्रंथीतून नमुना घेतला. रोगाचे मुख्य स्थान तेच असल्याने त्यात एकाच प्रकारचे जंतू विपुल प्रमाणात होते. गवती झोपडीतील त्यांच्या प्रयोगशाळेत उबवण यंत्र नव्हते. परंतु प्लेगचे जंतू सुमारे २८° से. तापमानास उत्तम वाढत असल्याने ही उणीव त्यांच्या पथ्यावरच पडली. संवर्धित जंतू टोचलेले उंदीर व गिनीपिग प्लेगने मेले आणि जंतूचे कारणत्व सिद्ध झाले. या जंतूस पुढे येर्सिनिया पेस्टिस हे नाव मिळाले.

मुंबईत १८९६ मध्ये प्लेग उद्‌भवल्यावर डब्ल्यू. एम. हाफकिन यांनी तेथे जंतूंच्या संवर्धनापासून लस तयार केली. संवर्धन-रसावर तुपाचे थेंब तरंगत ठेवले असता त्यांपासून खाली लोंबणारी जंतूंची वाढ ही प्लेगजंतू ओळखण्याची खूण म्हणून ते वापरीत.

गाठीच्या प्लेगमध्ये आजही त्वचा निर्जंतुक करून सुईने ग्रंथीतील द्रव काढतात, तसेच रक्ताचा नमुनाही घेतात. शक्यतो हे नमुने प्रतिजैविक औषधे सुरू करण्यापूर्वी घेतात; कारण औषधाने जंतू मेल्यास संवर्धन निष्फळ ठरते. मात्र नमुना घेतल्यावर निष्कर्षाची वाट न पाहता उपचार त्वरित सुरू करावे लागतात.