घर गहाण ठेवणारा गुरू

शाळेतील व्यायामशिक्षकाचे चरित्र सहसा कोणी लिहीत नाही. वेळापत्रकातला शेवटचा तास त्याच्या वाट्याला येतो, आणि परीक्षा जवळ आली की तोही गणिताला दिला जातो. अंबरनाथ, उल्हासनगर, बदलापूर या आमच्या परिसरातील शाळांतही चित्र याहून फार निराळे नाही. विजेत्याच्या गळ्यातील पदक आपल्याला दिसते. त्यासाठी ज्याने आपला संसार पणाला लावला तो शिक्षक मात्र छायाचित्राच्या चौकटीबाहेरच राहतो. म्हणूनच खाशाबा जाधवांची कथा आज आम्ही त्यांच्या गुरुजनांच्या बाजूने सांगणार आहोत.

कराडजवळच्या गोळेश्वर या खेड्यात 15 जानेवारी 1926 रोजी खाशाबांचा जन्म झाला. वडील दादासाहेब स्वतः पैलवान होते. पहिले धडे त्यांनीच मुलाला दिले. कराडच्या टिळक हायस्कूलात शिक्षण घेत असतानाच तालमीच्या मातीशी त्यांचे नाते जडले. पुढे ते कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात दाखल झाले. कोल्हापूर म्हणजे कुस्तीची पंढरी. शाहू महाराजांनी 1912 साली उभारलेले खासबाग मैदान तिथलेच. अशा नगरीत ठेंगण्या, शिडशिडीत खाशाबांकडे कोणाचे लक्ष जाणार?

महाविद्यालयाच्या वार्षिक क्रीडास्पर्धेत नाव नोंदवायला ते गेले, तेव्हा त्यांची शरीरयष्टी पाहून क्रीडाशिक्षकांनी नकार दिला, असे सांगतात. खाशाबा थेट प्राचार्यांकडे गेले. बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर हे त्या वेळी प्राचार्य होते. त्यांनी मुलाचे म्हणणे ऐकून घेतले आणि परवानगी दिली. त्यानंतर खाशाबांनी आपल्याहून धिप्पाड मल्लांना चीत केले. एकाच मुलाकडे दोन शिक्षकांनी पाहिले. एकाने त्याचे शरीर मोजले, दुसऱ्याने त्याची इच्छा. पुढचा सारा इतिहास या दुसऱ्या नजरेतून घडला.

1948 च्या लंडन ऑलिंपिकला खाशाबा गेले ते कोल्हापूरच्या महाराजांनी खर्चाचा भार उचलल्यामुळे. तेथे पहिल्यांदाच ते गादीवर कुस्ती खेळले. मातीतली कुस्ती आणि गादीवरची कुस्ती यांत मोठे अंतर आहे. मातीत पाठ टेकेपर्यंत झुंज चालते. गादीवर घड्याळ असते, गुण असतात, पंच असतात. रीस गार्डनर या परदेशी प्रशिक्षकाने त्यांना नव्या नियमांची ओळख करून दिली. अशा अपुऱ्या तयारीनिशीही ते फ्लायवेट गटात सहावे आले. परतल्यावर त्यांनी पुढची चार वर्षे कसून मेहनत केली. आमच्या भागात याच काळात, ऑगस्ट 1949 मध्ये, फाळणीने उखडलेल्या सिंधी कुटुंबांसाठी लष्करी बराकींच्या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळत होते. देश नवा होता, तिजोरी रिकामी होती, आणि कुस्तीगिराच्या प्रवासखर्चाला त्या तिजोरीत जागा नव्हती.

1952 साली हेलसिंकीची वेळ आली. निवडीच्या वेळी एका गुणाने आपल्यावर अन्याय झाला असे खाशाबांना वाटले. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली, पुन्हा कुस्ती लढून ती जिंकली आणि संघात स्थान मिळवले. पण जायचे कशाने? सरकारदरबारी हात पसरूनही वेळेवर पुरेशी मदत मिळाली नाही. गावकऱ्यांनी वर्गणी जमवली, दुकानदुकानांतून पैसे गोळा केले. तरीही मोठी रक्कम उरलीच. तेव्हा प्राचार्य खर्डेकरांनी आपले राहते घर गहाण टाकले आणि सात हजार रुपये आपल्या विद्यार्थ्याच्या हाती ठेवले. घर गहाण टाकणे म्हणजे काय, हे ज्याने हप्ते फेडले आहेत अशा प्रत्येक कुटुंबाला ठाऊक आहे. खाशाबा जिंकतीलच याची हमी कोणी दिली नव्हती. मुलगा हरून परतला असता तरी कर्ज फेडावेच लागणार होते.

हेलसिंकीत बँटमवेट गटात खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको व जर्मनीच्या मल्लांना हरवले. जपानच्या शोहाची इशीविरुद्धची लढत पंधरा मिनिटांहून अधिक चालली आणि ती त्यांनी थोडक्यात गमावली. ती संपताच सोव्हिएत संघाच्या रशीद मम्मदबेयोव्हशी लढायला त्यांना बोलावण्यात आले. दोन लढतींमध्ये निदान अर्ध्या तासाची विश्रांती मिळावी असा नियम होता. तो नियम बजावून सांगणारा एकही भारतीय अधिकारी त्या क्षणी तेथे हजर नव्हता. थकलेले खाशाबा हरले. इशीला सुवर्ण, मम्मदबेयोव्हला रौप्य आणि खाशाबांना कांस्य मिळाले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. ज्या शिक्षकाने घर दिले तो हजारो मैल दूर होता, आणि ज्यांनी जवळ असायचे ते जागेवर नव्हते. खेळाडूला पैशाइतकीच पाठीशी उभ्या राहणाऱ्या माणसाची गरज असते, हे त्या दिवशी दिसले.

कराड स्थानकावर शंभराहून अधिक बैलगाड्यांच्या मिरवणुकीने त्यांचे स्वागत झाले. मात्र खाशाबांची थोरवी आम्हांला मिरवणुकीनंतर दिसते. त्यांनी कुस्त्यांचे फड भरवले, स्वतः लढले आणि त्यांतून मिळालेला पैसा गुरूंच्या हाती देऊन त्यांचे घर सोडवले. गुरूने विश्वास टाकला, शिष्याने तो व्याजासह परत केला.

पुढे 1955 साली खाशाबा पोलीस उपनिरीक्षक झाले. 14 ऑगस्ट 1984 रोजी अपघातात त्यांचे निधन झाले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. दुसरे वैयक्तिक पदक मिळायला देशाला 44 वर्षे थांबावे लागले. 1996 साली अटलांटात लिअँडर पेस यांनी ते मिळवले. आणि महाराष्ट्राला? तब्बल 72 वर्षे. 1 ऑगस्ट 2024 रोजी पॅरिसमध्ये नेमबाज स्वप्नील कुसाळे यांनी कांस्यपदक जिंकले. तेही कोल्हापूर जिल्ह्यातलेच, कांबळवाडीचे. त्यांचे वडील शिक्षक. मुलाला गोळ्या घेता याव्यात म्हणून त्यांनी कर्ज काढले होते. पुन्हा एक शिक्षक आणि पुन्हा एक कर्ज!

हा योगायोग अभिमानाचा आहे, तसाच तो विचारात पाडणाराही आहे. शिक्षकाचा त्याग थोर खरा. पण पाऊणशे वर्षांनंतरही तो आवश्यक ठरावा, हे समाजाला शोभणारे नाही. प्रत्येक खर्डेकरांना घर गहाण टाकायला लावायचे आणि मग त्यांचे पोवाडे गायचे, ही कृतज्ञता नव्हे. आपल्या पॅरिशच्या शाळेत, आपल्या वस्तीच्या मैदानावर उन्हात शिट्टी घेऊन उभा असलेला शिक्षक मागतो ते थोडेच असते: त्याचा तास काढून घेऊ नये, मैदानावर भिंत उठू नये, आणि स्पर्धेच्या दिवशी मुलांबरोबर एखाद्या पालकाने यावे. एवढे तर आपल्या हाती आहे ना?