पिढ्यांची मोजदाद : मेनफ्रेम संगणकावरील माहितीसंचांच्या आवृत्त्यांचा इतिहास

संगणकाचा इतिहास बहुधा यंत्रांच्या वेगाच्या व स्मरणक्षमतेच्या अनुषंगाने मांडला जातो. दप्तर सांभाळण्याच्या पद्धतींचा इतिहास म्हणून त्याकडे क्वचितच पाहिले जाते. प्रस्तुत लेखात आयबीएम कंपनीच्या मेनफ्रेम संगणकांवरील ‘जनरेशन डेटा ग्रुप’ या व्यवस्थेचा विचार त्या दृष्टीने केला आहे.

या व्यवस्थेचे मूळ चुंबकीय फितीत आहे. अमेरिकेत १९५१ मध्ये युनिव्हॅक व १९५२ मध्ये आयबीएम ७०१ हे संगणक आले आणि कार्यालयीन नोंदी फितींवर जाऊ लागल्या. फितीच्या मध्यावरील एखादी नोंद जागच्या जागी बदलणे व्यवहार्य नव्हते. त्यामुळे कालची मुख्य फीत आणि आजच्या व्यवहारांची क्रमवार लावलेली फीत एकत्र वाचून तिसरी, नवी मुख्य फीत लिहिली जाई. जुनी फीत अबाधित राही. पर्यायाच्या अभावी पत्करलेल्या या रीतीतूनच ‘आजोबा, वडील, मुलगा’ अशी तीन पिढ्या जपण्याची प्रथा रूढ झाली. मुलगा बिघडला तर वडिलांपासून तो पुन्हा घडवता येई. रिळाच्या खोबणीत कडी बसवल्याशिवाय फितीवर लेखन होत नसे, एवढे संरक्षण यंत्राने दिले होते. परंतु समोरच्या तीन रिळांपैकी वडील कोण, हे मात्र रिळावरील चिठ्ठी आणि फीत-ग्रंथालयाची नोंदवहीच सांगत असे. चिठ्ठी चुकली की वंशावळ चुकली.

आयबीएमने ७ एप्रिल १९६४ रोजी सिस्टम/३६० ही संगणकमालिका जाहीर केली. तिच्यासाठी १९६६ पासून उपलब्ध झालेल्या ओएस/३६० या कार्यप्रणालीने ही वंशावळ माणसाच्या नोंदवहीतून काढून यंत्राच्या सूचीत आणली. गटाला एक नाव आणि प्रत्येक पिढीला त्या नावापुढे ‘जी०००१व्ही००’ अशा घाटाचा अनुक्रमांक देण्यात आला. खरे नावीन्य सापेक्ष क्रमांकात होते. चालू पिढी नेहमी (०), तिच्या आधीची (-१), आणि जन्माला येणारी (+१). आज्ञावलीत दिनांक किंवा रिळाचा क्रमांक लिहिण्याची गरज उरली नाही. तीच आज्ञावली रोज न बदलता चालवता येऊ लागली.

या सोयीची किंमतही होती. पगारपत्रकाचे काम (०) वाचून (+१) लिहिते, असे समजू. नवी पिढी सूचीत दाखल झाल्यावर पुढच्या टप्प्यात काम बंद पडले आणि चालकाने ते पहिल्यापासून पुन्हा सुरू केले, तर आता (०) म्हणजे नुकतीच तयार झालेली पिढी ठरते. तेच व्यवहार तिच्यावर दुसऱ्यांदा चढतात आणि कपात दोनदा होते. यंत्राच्या लेखी यात काहीच चुकलेले नसते! फितीच्या काळात चालकाला निदान हातातील रीळ तरी दिसत होते.

गटात किती पिढ्या ठेवायच्या याची मर्यादा गट उभारतानाच ठरवावी लागते. दीर्घकाळ ती जास्तीत जास्त २५५ होती. २०१५ मध्ये झेड/ओएसच्या २.२ या आवृत्तीने विस्तारित गटांसाठी ती ९९९ वर नेली. मर्यादा भरल्यावर केवळ सर्वांत जुनी पिढी सूचीतून काढायची की सर्वच पिढ्या एकदम, हे एका पर्यायाने ठरते. काढलेली पिढी तबकडीवरून पुसायची की नाही, हे दुसऱ्याने. न पुसलेली पिढी तबकडीवर असते, पण सूचीला तिचा पत्ता नसतो. ग्रंथालयात पुस्तक फळीवर असावे आणि त्याचे कार्ड मात्र फाडलेले असावे, तसा हा प्रकार आहे. इतिहासाच्या अभ्यासकाला येथे थांबावे लागते. कोणता भूतकाळ उरेल याचा निर्णय दप्तराच्या महत्त्वावरून होत नाही. गट उभारणाऱ्या प्रोग्रामरने कधीतरी लिहिलेल्या एका आकड्यावरून होतो. ही व्यवस्था काम पुन्हा उभे करण्यासाठी रचली गेली, अभिलेख जतन करण्यासाठी नव्हे. हा भेद कार्यालयांच्या सहज लक्षात येत नाही, कारण गटात मागच्या काही पिढ्या नेहमीच हजर दिसतात. वर्षअखेरीची एखादी पिढी कायम राखायची असेल, तर ती गटातून गळण्यापूर्वी तिची प्रत गटाबाहेर, स्वतंत्र नावाने काढून ठेवावी लागते.