वजन घटवताना सोबतीचा आधार : दिल्लीतील बागांचा अनुभव

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) दिल्लीतील १५ ते ४९ वयोगटातील ४१.३ टक्के स्त्रिया आणि ३८ टक्के पुरुष अतिवजनाचे किंवा लठ्ठ असल्याचे आढळले. देशभरात हे प्रमाण स्त्रियांमध्ये २४ टक्के, तर पुरुषांमध्ये सुमारे २३ टक्के होते. राजधानीत आहारतज्ज्ञांची, व्यायामशाळांची किंवा वजन उतरवून देणाऱ्या केंद्रांची वानवा नाही. या व्यवसायातील व्हीएलसीसी ही मोठी साखळी १९८९ मध्ये दिल्लीतच सुरू झाली. अडचण वेगळीच आहे. वजन उतरवणे बऱ्याच जणांना जमते. उतरलेले वजन टिकवणे फार थोड्यांना साधते. शुल्क भरून घेतलेला कार्यक्रम काही महिन्यांत संपतो आणि त्यानंतर आज फिरायला का आला नाहीत, असे विचारणारे कोणी उरत नाही. हे विचारणारी माणसे दिल्ली परिसरातील बागांमध्ये रोज सकाळी भेटतात, आणि त्यासाठी पैसे मोजावे लागत नाहीत.

या सर्वेक्षणात शरीरभार निर्देशांक २५ किंवा त्याहून अधिक असलेल्या व्यक्ती मोजल्या जातात. किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की हा निर्देशांक मिळतो. भारतीयांमध्ये कमी वजनावरही मधुमेह आणि हृदयविकार उद्भवतात, म्हणून भारतीय तज्ज्ञांनी २००९ मध्येच अतिवजनाची मर्यादा २३ वर आणली. कमरेचा घेर पुरुषांमध्ये ९० आणि स्त्रियांमध्ये ८० सेंटिमीटरपेक्षा अधिक नसावा, असेही सांगितले. म्हणजे वरच्या आकडेवारीत न मोजलेल्या अनेकांनाही हा विषय लागू आहे.

अभ्यास काय सांगतात

सोबतीचा वजनावर परिणाम होतो, तो दोन्ही दिशांनी. अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम येथील दीर्घकालीन हृदयरोग पाहणीतील १२,०६७ व्यक्तींची ३२ वर्षांची माहिती निकोलस क्रिस्ताकिस आणि जेम्स फाउलर यांनी तपासली. मित्र लठ्ठ झाल्यास ती व्यक्ती लठ्ठ होण्याची शक्यता ५७ टक्क्यांनी वाढते, भावंडांमध्ये हा परिणाम ४० आणि पती-पत्नींमध्ये ३७ टक्के असतो, असा त्यांचा २००७ मधील निष्कर्ष होता. सारख्या सवयींची माणसेच मैत्री करतात, त्यामुळे इतका परिणाम सोबतीचा मानता येणार नाही, असा आक्षेप काही संख्याशास्त्रज्ञांनी घेतला आणि तो विचारात घ्यायला हवा. अगदी शेजारी राहणाऱ्यांमध्ये मात्र असा परिणाम दिसला नाही. आपुलकी नसेल, तर भिंतीला भिंत असून उपयोग नाही.

अधिक थेट पुरावा रीना विंग आणि रॉबर्ट जेफरी यांच्या १९९९ मधील प्रयोगातून मिळतो. त्यात १६६ व्यक्ती होत्या. एकेकट्या आलेल्या आणि नेहमीचे उपचार घेतलेल्यांपैकी ७६ टक्क्यांनी चार महिन्यांचा कार्यक्रम पूर्ण केला आणि २४ टक्क्यांनी घटलेले वजन दहाव्या महिन्यापर्यंत पूर्णपणे टिकवले. तीन मित्रांसह आलेल्या आणि एकमेकांना आधार देण्याचे शिक्षण मिळालेल्या गटांमध्ये हेच प्रमाण अनुक्रमे ९५ आणि ६६ टक्के होते.

आपल्याकडे केरळमध्ये तिरुवनंतपुरम जिल्ह्यातील ६० मतदान केंद्रांच्या परिसरात १,००७ जणांवर असा प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. वर्षभराच्या बैठका चालवणारे डॉक्टर नव्हते. प्रत्येक गटातून एक पुरुष आणि एक स्त्री असे साधे रहिवासीच पुढाकार घेत होते. दोन वर्षांनंतर या गटांतील १४.९ टक्के आणि इतरांपैकी १७.१ टक्के जणांना मधुमेह झाल्याचे दिसले. हा फरक संख्याशास्त्रानुसार निर्णायक ठरला नाही. परंतु फळे आणि भाज्यांचे सेवन वाढले, मद्यपान कमी झाले. गट म्हणजे रामबाण उपाय नव्हे, तो सवय टिकवण्याचे साधन आहे, इतकाच अर्थ यातून काढणे योग्य.

बागेतील गट

दिल्लीत या साधनाचा सर्वांत जुना आणि व्यापक वापर भारतीय योग संस्थानाने केला आहे. प्रकाश लाल यांनी १० एप्रिल १९६७ रोजी दिल्लीत स्थापन केलेल्या या संस्थेची निःशुल्क केंद्रे शहरभरातील बागांमध्ये सकाळी भरतात. सतरंजी किंवा चटई घरून आणायची, शिकवणारेही मानधन घेत नाहीत. आज शिकणारा काही वर्षांनी स्वतः केंद्र चालवतो. रोज तीच जागा, तीच वेळ, तीच माणसे. एखादा दोन दिवस दिसला नाही तर तिसऱ्या दिवशी विचारपूस होते. कोणत्याही आहारतक्त्यापेक्षा या विचारपुशीचे मोल अधिक आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

याच्या शेजारी दिल्ली सरकारची ‘दिल्ली की योगशाला’ ही योजना ठेवून पाहावी. डिसेंबर २०२१ मध्ये जाहीर झालेल्या या योजनेत किमान २५ रहिवाशांनी एकत्र येऊन मागणी केल्यास सरकारी खर्चाने योगशिक्षक पाठवला जाई. कल्पना उत्तम होती, कारण शिक्षक मिळवण्यासाठी आधी गट जमवणे भाग पडत होते. परंतु मुदतवाढीच्या मंजुरीवरून राज्य सरकार आणि नायब राज्यपालांचे कार्यालय यांच्यात वाद झाला आणि नोव्हेंबर २०२२ पासून योजना बंद पडली. दोष कोणाचा, याविषयी दोन्ही बाजूंचे म्हणणे वेगवेगळे होते. सामान्य सभासदाच्या दृष्टीने त्यातून निघणारी गोष्ट साधी आहे. शिक्षक बाहेरून आला तरी त्याच्या गैरहजेरीत वर्ग घेऊ शकतील अशी दोन-तीन माणसे गटात तयार असावीत.

गुडगावमध्ये १७ नोव्हेंबर २०१३ रोजी सुरू झालेला ‘राहगिरी’ हा उपक्रम निराळ्या जातीचा होता. कोलंबियातील बोगोटा शहराच्या धर्तीवर रविवारी सकाळी काही रस्ते मोटारींना बंद करून चालणारे, धावणारे आणि सायकलस्वार यांना मोकळे करण्यात आले. जुलै २०१४ मध्ये तो कॅनॉट प्लेसमध्येही पोहोचला. घराबाहेर पडण्याचा संकोच घालवण्यास अशी जत्रा उपयोगी पडते. मात्र हजारोंच्या गर्दीत आपली अनुपस्थिती कोणाच्या ध्यानात येत नाही. हीच गोष्ट २००५ पासून होणाऱ्या दिल्ली अर्धमॅरेथॉनची. स्पर्धेचा दिवस एकच असतो. खरा लाभ त्याआधी काही महिने नेहरू पार्क किंवा लोधी उद्यानात एकत्र सराव करणाऱ्या लहान गटांना होतो.

नव्याने दिल्लीत आलेल्या मराठी कुटुंबांनी गट शोधताना लांब जाऊ नये. १७३७ मध्ये बाजीरावांच्या सैन्याचा तळ जिथे पडला, त्या तालकटोऱ्याच्या बागेत फिरण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे, पण घर द्वारकेत किंवा नोएडात असेल तर तो मोह आठवडाभरच टिकेल. पायी दहा मिनिटांत गाठता येईल ती बाग उत्तम. सलग तीन-चार दिवस ठरावीक वेळी गेल्यास नेहमीची माणसे ओळखू येतात, आणि ‘मी उद्यापासून आपल्याबरोबर येऊ का?’ या प्रश्नाला दिल्लीकर सहसा नाही म्हणत नाहीत. स्त्रियांसाठी गटाला आणखी एक कारण आहे. हिवाळ्यात सकाळी सहाला अंधारच असतो आणि एकटीने बाहेर पडण्यास घरचेही तयार नसतात. एकाच गल्लीतल्या चार जणी मिळून निघाल्या की ही अडचण बरीच कमी होते.

गट चालतो कसा

सहा ते बारा जणांचा गट पुरेसा होतो. त्याहून मोठा झाल्यास जोड्या कराव्यात आणि न आलेल्या जोडीदाराला दूरध्वनी करण्याची जबाबदारी दुसऱ्यावर ठेवावी. चालताना वेग सर्वांत सावकाश चालणाऱ्याचा धरावा, निदान एकाने तरी त्याच्याबरोबर मागे राहावे. नवा माणूस गट सोडतो तो बहुधा थकल्यामुळे नव्हे, मागे पडल्याच्या लाजेमुळे.

वजन सर्वांसमोर करू नये. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी, घरी वजन करून वहीत लिहावे. सांगायचे की नाही हे ज्याचे त्याने ठरवावे. गटाने मोजायचे ते हजेरीचे दिवस आणि चाललेली मिनिटे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम आणि किमान दोन दिवस स्नायूंना बळकटी देणारा व्यायाम सुचवला आहे. पहिले लक्ष्यही माफक असावे. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील मधुमेह प्रतिबंध कार्यक्रमात वजन सात टक्के घटवणे आणि आठवड्याला १५० मिनिटांचा व्यायाम एवढेच उद्दिष्ट होते. त्याने मधुमेहाचा धोका ५८ टक्क्यांनी कमी झाला. ऐंशी किलो वजनाच्या व्यक्तीसाठी सात टक्के म्हणजे साडेपाच किलोच होतात. लग्नाच्या तारखेआधी वीस किलो उतरवण्याची पैज मारणारे गट पाहण्यात येतात. त्यांची उमेद पैजेबरोबरच संपते.

चेष्टेला मात्र सक्त मनाई असावी. आपल्याकडे ‘जाड्या’ म्हणणे हा प्रेमाचाच भाग मानला जातो आणि ऐकणारा हसतोही. दुसऱ्या दिवशी तो येत नाही.

बागेत तासभर आणि घरी तेवीस तास, असा हिशेब असल्याने घर हा खरा गट होय. घरातील एकानेच भाकरी-भाजी खायची आणि बाकीच्यांनी त्याच ताटाशेजारी तुपात भाजलेले पराठे खायचे, हे फार काळ चालत नाही. शिवाय दोन स्वयंपाक करण्याचा भार बहुधा घरातील स्त्रीवर पडतो. म्हणून बदल सर्वांच्या ताटात व्हावा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या मार्गदर्शिकेत २,००० कॅलरींच्या आहारात दिवसाला २७ ग्रॅम तेल-तूप धरले आहे. चार प्रौढांच्या घरात महिन्याला हे सव्वातीन किलोच्या आसपास जाते. वाणसामानाची यादी काढून आपल्या घरचा आकडा एकदा तपासून पाहावा. खाद्यतेलाचा वापर दहा टक्क्यांनी कमी करण्याचे आणि त्यासाठी आणखी दहा जणांना उद्युक्त करण्याचे आवाहन पंतप्रधानांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘मन की बात’मधून केले, त्यातही सोबतीचेच तत्त्व होते.

ज्यांना बागेतला गट मिळत नाही, ते दूरध्वनीवरील गटाचा आधार घेतात. मराठी वाचकांना याचे ठळक उदाहरण ठाऊक आहे. डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी दिवंगत डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारांवरून चालवलेल्या मोहिमेत दिवसातून दोनदाच जेवणे आणि ४५ मिनिटे चालणे एवढाच कार्यक्रम आहे. व्हॉट्सॲपवरील गटांमध्ये लोक आपल्या शंका आणि तपासण्यांचे आकडे मांडत गेले, आणि मोहीम महाराष्ट्राबाहेरही पोहोचली. या आहारपद्धतीवर अनेक आहारतज्ज्ञांचे आक्षेप आहेत. तिची वैद्यकीय बाजू हा स्वतंत्र विषय असला तरी अनोळखी माणसे एकमेकांची उमेद टिकवू शकतात, हे या गटांत दिसले.

जिथे गटाने थांबावे

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील आणि अन्य तज्ज्ञांनी लठ्ठपणाचे दोन टप्पे मांडले. निर्देशांक २३ पेक्षा अधिक, पण अवयवांच्या किंवा दैनंदिन कामाच्या क्षमतेवर परिणाम नाही, तो पहिला टप्पा. पोटाचा घेर वाढलेला, सोबत मधुमेह, गुडघेदुखी किंवा धाप लागणे असे त्रास, तो दुसरा. पहिल्या टप्प्यात आहार, व्यायाम आणि सोबत यांवर भर देता येतो. दुसऱ्या टप्प्यात डॉक्टरांशिवाय पुढे जाऊ नये. इन्सुलिन किंवा रक्तशर्करा उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्याने गटातल्या इतरांचे पाहून उपवास धरला, तर साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली येऊ शकते. मौंजारो आणि वेगोवी ही वजन घटवणारी इंजेक्शने २०२५ मध्ये भारतात आल्यापासून त्यांची चर्चाही बागेतल्या बाकांवर होऊ लागली आहे. मात्रा सुचवणे हे मित्राचे काम नव्हे.

धुक्याचे महिने

दिल्लीतील गट मोडतात ते बहुधा दिवाळीनंतर. थंडीत जमिनीलगतची गार हवा वर चढत नाही, त्यामुळे पहाटे आणि सकाळी धूर खालीच कोंडतो. दुपारी ऊन पडल्यावर तो थोडा विरळ होतो. म्हणजे फिरण्याची नेहमीची वेळच सर्वांत वाईट. १९ नोव्हेंबर २०१७ ची अर्धमॅरेथॉन पुढे ढकलावी, अशी मागणी इंडियन मेडिकल असोसिएशनने केली होती. स्पर्धा झाली, मात्र पुढच्या वर्षी ती ऑक्टोबरमध्ये घेण्यात आली. गटांनीही ऑक्टोबरमध्येच हिवाळ्याची व्यवस्था ठरवावी. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा हवा गुणवत्ता निर्देशांक ३०० च्या पुढे असेल त्या दिवशी बाहेर धावू नये. ४०० च्या पुढे तो ‘गंभीर’ श्रेणीत जातो. त्या दिवशी दमा किंवा हृदयविकार असलेल्यांनी बाहेर फिरणेही टाळावे. अशा दिवसांसाठी वसाहतीचे सभागृह आधीच मागून ठेवावे किंवा कोणाच्या तरी दिवाणखान्यात चार-पाच जणांनी जमावे. तेही न जमल्यास ठरलेल्या वेळी दूरध्वनीवर एकमेकांना पाहत घरोघरी सूर्यनमस्कार घालता येतात. वेळ मात्र बदलू नये. फेब्रुवारीत हवा निवळली की याच वेळी पुन्हा बागेच्या फाटकाशी जमायचे असते.