चित्त्याचा जमाखर्च



रानात प्राणी परत आणला, की लोक मोजदाद करतात ती त्याच्या पिल्लांची. चित्त्याचा इतिहास पाहू. 1947 साली कोरिया संस्थानच्या राजाने तीन चित्ते मारले. 1952 साली चित्ता देशातून नामशेष झाल्याचे सरकारने जाहीर केले. पुढे सप्टेंबर 2022 मध्ये नामिबियाहून आठ व फेब्रुवारी 2023 मध्ये दक्षिण आफ्रिकेहून बारा चित्ते मध्य प्रदेशातील कुनोत आणले. काही दगावले, काहींना पिल्ले झाली.

आम्ही कामगार चळवळीतली माणसे. ताळेबंद पुढे आला की त्यात न लिहिलेली रक्कम आधी शोधतो. कुनोत ती रक्कम चोवीस गावांची आहे. सुमारे दीड हजार कुटुंबे, बहुतेक सहरिया आदिवासी, विसाव्या शतकाच्या अखेरीपासून तेथून उठविली गेली, आणि तीही गीरच्या सिंहांसाठी! 2013 साली सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला, तरी सिंह आले नाहीत. गावकऱ्यांनी सोडलेल्या शेतांत गवत माजले, त्यावर चितळ पोसले, आणि त्या चितळांवर आज चित्ता जगतो.

आता आपल्या दाराशी येऊ. मार्च 2021 मध्ये यवतमाळकडील टिपेश्वरचा एक नर वाघ आपल्या गौताळ्यात दिसला. त्याला कोणी आणले नव्हते. शेते आणि सडका ओलांडीत तो आपल्या पायांनी आला. म्हणून प्राणी आणण्यापूर्वी वाट, भक्ष्य आणि रानाकाठची माणसे या तिन्हींचा हिशेब मांडावा. ज्या हिशेबात त्या दीड हजार कुटुंबांना ओळ नाही, तो आम्ही पुरा मानणार नाही.