उमरेड
उमरेड : नागपूर जिल्ह्यातील तालुक्याचे मुख्य ठिकाण. लोकसंख्या सु. 54,000 (2011). हे नागपूरच्या आग्नेयेस सु. 45 किमी. वर, नागपूर–नागभीड मार्गावर वसले आहे. येथील अरुंदमापी रेल्वे रुंदीकरणासाठी 2019 मध्ये बंद झाली. कोष्टी विणकरांची रेशीमकाठी धोतरे ही गावाची जुनी ओळख. आज वेस्टर्न कोलफील्ड्सची खुली कोळसा खाण व उमरेड–पवनी–कऱ्हांडला अभयारण्य यांमुळे ते अधिक परिचित आहे. शेजारच्या भिवापूरची मिरची प्रसिद्ध आहे.

नागपूरचे भोसले संस्थान 1854 मध्ये खालसा झाले आणि उमरेड ब्रिटिश अमलाखाली आले. येथे नगरपालिका 1867 मध्येच स्थापन झाली, मात्र प्रांताच्या कारभारात लोकांना स्थान मिळायला फार काळ लागला. मध्य प्रांताला स्वतःचे विधिमंडळ 1914 मध्ये लाभले. 1919 च्या घटनात्मक सुधारणांनंतरही मताचा हक्क जमीनमहसूल, मालमत्ता व प्राप्तिकर यांवर ठरत असल्याने विणकर, शेतमजूर व बहुतेक स्त्रिया त्याबाहेर राहिल्या. इंग्लंडमध्येही शंभर वर्षांपूर्वी हेच भांडण पेटले होते : 16 ऑगस्ट 1819 रोजी मँचेस्टरच्या सेंट पीटर्स फील्डवर प्रतिनिधित्व मागणाऱ्या अफाट जमावावर घोडदळ घालण्यात आले.

या अपुऱ्या विधिमंडळाचे काय करायचे, याची दोन उत्तरे नागपूर परिसराने दिली. पहिले अडवणुकीचे. डिसेंबर 1920 च्या नागपूर काँग्रेसने असहकाराचा ठराव कायम केला. पुढे 1923 च्या निवडणुकीत, विधिमंडळात शिरून अडवणूक करू पाहणाऱ्या स्वराज्य पक्षाने प्रांतात बहुमत मिळवले आणि 1924 मध्ये मंत्र्यांचे वार्षिक वेतन दोन रुपयांवर आणून द्विदल राज्यपद्धती (मंत्री व गव्हर्नर यांच्यात खात्यांची वाटणी) ठप्प केली. पुढे ‘छोडो भारत’ आंदोलनात उमरेडच्या दक्षिणेस असलेल्या चिमूरला (जि. चंद्रपूर) या विरोधाने सशस्त्र सत्तेशी थेट झुंज घेतली. 16 ऑगस्ट 1942 रोजी, नागपंचमीला, मिरवणुकीवर गोळीबार झाला. बालाजी रायपूरकर हा मुलगा ठार झाला, तर चिडलेल्या जमावाच्या हातून काही अधिकारी मारले गेले. नंतर आलेल्या लष्कराने स्त्रियांवर केलेल्या अत्याचारांच्या चौकशीसाठी गांधीजींचे अनुयायी प्रा. भन्साळी यांनी 63 दिवस उपोषण केले. तारीख मँचेस्टरचीच असली, तरी चिमूरकरांची मागणी त्यापुढची होती. त्यांना परक्यांची सत्ताच नको होती.

दुसरे उत्तर दलितांचे, आणि मतदानहक्काच्या इतिहासात तेच अधिक मूलगामी मानले पाहिजे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1919 मध्ये मताधिकारविषयक साउथबरो समितीपुढे अस्पृश्यांसाठी मताचा हक्क व स्वतंत्र प्रतिनिधित्व मागितले. नागपुरात जुलै 1942 मध्ये भरलेल्या परिषदेत शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची स्थापना झाली. त्याच वेळी सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित स्त्रियांचीही परिषद भरली. सत्तांतरासाठी आलेल्या ब्रिटिश कॅबिनेट मिशनच्या योजनेत आपली दखल नाही, हे दिसताच फेडरेशनने 1946 मध्ये आधी पुण्यात व मग नागपुरात विधिमंडळाच्या अधिवेशनावर सत्याग्रह केला. सभागृहात फारसे स्थान नसलेल्यांनी त्याच सभागृहाच्या दारी अटक पत्करली. चिमूरच्या मानाने या लढ्याची आठवण फार कमी ठेवली गेली, ही विदर्भाच्या इतिहासलेखनातील मोठी उणीव आहे.

प्रौढ मताधिकाराने पहिली सार्वत्रिक निवडणूक 1951–52 मध्ये झाली. 2008 च्या मतदारसंघ पुनर्रचनेनुसार उमरेड विधानसभा मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव असून तो ज्या रामटेक लोकसभा मतदारसंघात मोडतो, तोही राखीव आहे.