स्टेशनाने वसवलेले गोंदिया

नागपूरला भोसल्यांचा वाडा, पवनीला तटबंदी. गोंदियातली जुनी सार्वजनिक वास्तू शोधताना मी मात्र रेल्वे स्थानकाशीच येऊन थांबतो. १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेने नागपूर-राजनांदगाव हा मीटरगेज मार्ग रुंद केला. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात जबलपूरची अडीच फुटी छोटी लाइन इथे मिळाली आणि गोंदिया जंक्शन झाले. भातगिरण्या, विडीचा व्यापार रुळांच्या आधाराने वाढला. जिल्हा कचेरी आली ती १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून जिल्हा वेगळा झाल्यावर. म्हणजे हे शहर राजसत्तेने नव्हे, मालवाहतुकीने घडवले. छोटी लाइनही आता ब्रॉडगेज झाली. देवळांची नोंद आपण ठेवतो. गिरण्यांची, मालधक्क्यांचीही ठेवायला हवी. या शहराचे जुने दप्तर तेच आहे.